कुलाबा किल्ल्यावर चालत कधी जाता येतं?

प्रश्न : सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन अलिबागचा कुलाबा किल्ला बघायचाय. मागच्या वेळी पाणी भरलेलं होतं, किनाऱ्यावरूनच परत आलो. धावपळ न होता कसं जमवायचं?

उत्तर : ताई, आधी कॅलेंडरमध्ये तिथी बघा, हॉटेल नंतर. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते, चतुर्थीला तीन वाजता भरती म्हणजे सहा तासांनी, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी, त्याच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळायच्या आत परत या. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी पण भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, पाणी नीट हटत नाही, म्हणून ती नकोच. आदल्या रात्री अलिबागलाच मुक्काम करा, सकाळची लाँच पकडून मांडव्याहून पळत यायचं म्हणजे सगळा ताणच. तिथे कुणा स्थानिकाला वेळ परत विचारा, नुसत्या गणितावर जाऊ नका. वाळू ओली, मध्ये शेवाळलेले खडक, सासूबाईंना घोडागाडी करून द्या. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, शेजारी पुष्करणी, तिथे निवांत बसवा त्यांना. मुलांना उत्तरेकडच्या चाकांच्या तोफा दाखवाच. संकष्टीला मात्र गर्दी असते, तृतीया बरी.