वाचकांचे प्रश्न : वर्गणी, जामीनदार आणि कबरीची जागा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आलेल्या ज्यू स्थलांतरितांनी उभ्या केलेल्या संस्थांवर गेल्या अंकात लेख होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : लेखात ‘लांड्समानशाफ्ट’ हा शब्द वारंवार आला. ही एक प्रकारची भिशी होती का?

नाही. भिशीत जमलेली रक्कम पाळीपाळीने प्रत्येकाच्या हातात पडते. इथे ज्याच्यावर वेळ येईल त्यालाच पैसे मिळायचे आणि ज्याच्यावर ती आलीच नाही त्याने भरलेले पैसे इतरांच्या कामी यायचे. म्हणजे विम्याच्या जास्त जवळची गोष्ट.

यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत ‘लांड्समान’ म्हणजे गाववाला. रशियन साम्राज्य, ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं गॅलिशिया, रुमेनिया अशा ठिकाणच्या एकाच गावातून आलेल्यांचं हे मंडळ. मंडळाची छापील घटना असायची. अध्यक्ष, खजिनदार, विश्वस्त आणि बहुधा दोन चिटणीस असायचे, एक इतिवृत्त लिहिणारा आणि दुसरा वर्गणीचा हिशेब ठेवणारा. सभासद व्हायचं तर वयाची अट पाळावी लागे, मंडळाच्या डॉक्टरकडून तपासणी होई आणि मग सभेत मतदान. अनेक ठिकाणी हे मतदान पांढऱ्या-काळ्या गोट्यांनी व्हायचं. प्रवेश मिळाला तरी लाभ लगेच सुरू होत नसत, काही महिने नुसती वर्गणी भरावी लागे. तब्येत बिघडल्याचं लक्षात आल्यावर घाईने सभासद होणाऱ्यांना रोखायचा तो उपाय होता.

आजारपणात आठवड्याला ठरावीक रक्कम मिळे, पण आठवड्यांची मर्यादा असे. मंडळाचा डॉक्टर माणशी ठरलेल्या वार्षिक रकमेवर काम करी. घरात मृत्यू झाला की ‘शिवा’च्या म्हणजे शोक पाळायच्या सात दिवसांसाठी वेगळे पैसे मिळत, कारण त्या दिवसांत घरी बसायचं म्हणजे शिलाईच्या कारखान्यातली आठवड्याची मजुरी गेलीच. आणि शेवटी कबरीची जागा.

यातला एक पदाधिकारी मुद्दाम सांगण्याजोगा आहे, ‘हॉस्पिटालर’. आजारपणाचा अर्ज आला की हा घरी जायचा. विचारपूस करायला, आणि माणूस खरोखर अंथरुणात आहे ना हे बघायलाही. आजारी म्हणून पैसे घेणारा माणूस यंत्रावर बसलेला सापडला तर लाभ बंद. वर्गणी थकली असेल तरीही बंद. बिचाऱ्या हॉस्पिटालरला पाच-पाच मजले चढावे लागत आणि वर शिव्याही तोच खाई.

प्रश्न : सगळे नियमाने पैसे भरत होते, तर यातली बरीच मंडळं पुढे अडचणीत का आली?

कारण विशीतला आणि पन्नाशीतला सभासद बहुतेक ठिकाणी सारखीच वर्गणी भरत. मंडळ तरुण असेपर्यंत हे खपून जायचं. एक कल्पित हिशेब मांडून पाहू.

समजा १२० सभासद आहेत आणि तिमाहीला प्रत्येकी २ डॉलर वर्गणी. वर्षाचे ९६० डॉलर झाले. डॉक्टरला माणशी वर्षाला २ डॉलर, म्हणजे २४०. महिन्यातून दोन सभा, दर वेळी हॉलचं भाडं ३ डॉलर, म्हणजे ७२. वर्षात १२ जण चार-चार आठवडे आजारी पडले आणि आठवड्याला ५ डॉलर दिले, तर २४०. उरले ४०८. यातून कबरींची जागा विकत घेता येते, थोडी गंगाजळीही साठते.

आता वीस वर्षांनी हेच मंडळ पाहा. काही सभासद वारले, काही दुसरीकडे राहायला गेले, मुलांना आईवडिलांच्या गावाचं अप्रूप उरलेलं नाही. सभासद ६०, वर्गणी तेवढीच, म्हणजे जमा ४८० डॉलर. पण सगळे म्हातारे झालेले. २० जण सहा-सहा आठवडे आजारी पडले की नुसत्या आजारपणाचेच ६०० डॉलर होतात. डॉक्टर आणि हॉल अजून बाकीच आहेत.

मृत्यूनंतरच्या मदतीचं गणित आणखी वाईट. एक सभासद गेला की बाकीच्यांनी एकेक डॉलर काढायचा, अशी पद्धत असली तर पहिल्या काळातल्या विधवेला ११९ डॉलर मिळतात आणि नंतरच्या विधवेला ५९. शिवाय मृत्यू वाढले की डॉलर काढायची वेळ वारंवार येते आणि उरलेल्या तरुणांना बाहेर पडणं परवडतं. ते बाहेर पडले की वाटा अजून घसरतो. दर वयानुसार ठेवणं हाच यावरचा इलाज, पण गाववाल्यांच्या सभेत वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही जास्त भरा’ कोण सांगणार? त्यात १९२४ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची दारं जवळपास बंद केली आणि नवं रक्त मिळायची आशाच संपली.

प्रश्न : बिनव्याजी कर्ज देणारी संस्था इतकी वर्षं कशी टिकली? कर्जं बुडत नव्हती का?

न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२ मध्ये अवघ्या ९५ डॉलर भांडवलावर सुरू झाली. गरजू माणसाला कर्ज देताना व्याज घेऊ नये ही तोराह या ज्यू धर्मग्रंथाची आज्ञा, म्हणून व्याज नाही. सुरुवातीची कर्जं ५ ते २५ डॉलरची, म्हणजे हातगाडीवर माल भरता येईल किंवा हत्यारं घेता येतील एवढी.

सगळी मेख जामीनदारात होती. कर्ज मागणाऱ्याकडे तारण ठेवायला काही नसे. त्याला वचनचिठ्ठीवर जामीनदाराची सही आणावी लागे. संस्था जामीनदाराची पत बघे, कर्जदाराची गरिबी हा त्याच्या आड येणारा मुद्दा नव्हता. परतफेड छोट्या साप्ताहिक हप्त्यांनी, कारण फेरीवाल्याच्या हातात पैसा रोजचा रोज येतो आणि महिनाभर साठवून ठेवायला सांगितलं तर तो खर्च होऊन जातो. हप्ता चुकला की जामीनदाराला तगादा. हा जामीनदार बहुधा ओळखीचा दुकानदार किंवा नातलग, त्यामुळे त्याला तोंड दाखवायची लाज हीच वसुलीची खरी यंत्रणा होती. बुडीत रक्कम म्हणूनच नगण्य राहिली. कर्ज देताना धर्मही पाहिला जात नसे.

उणीव कुठे होती? ज्याच्या ओळखीत सही करणारा कुणीच नाही अशा नवख्या माणसापर्यंत ही सोय पोचत नसे. आणि व्याज नसल्यामुळे कचेरीचा खर्च आणि भांडवलाची वाढ देणग्यांवरच चालवावी लागे.

प्रश्न : पळून गेलेले नवरे शोधण्याचं कार्यालय खरोखर होतं?

होतं. नॅशनल डेझर्शन ब्युरो, १९११. ज्यू धर्मादाय संस्थांच्या लक्षात आलं की मदत मागायला येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींचे नवरे मेलेले नव्हते, दुसऱ्या शहरात निघून गेले होते. अशा बाईची दुहेरी कोंडी होई. घरभाडं तर थकतंच, शिवाय नवऱ्याने ‘गेट’ म्हणजे धार्मिक घटस्फोटपत्र दिल्याशिवाय तिला दुसरं लग्न करता येत नाही.

बाईकडून फोटो, वय, धंदा, अंगावरच्या खुणा, नातलगांचे पत्ते लिहून घेत. मग ‘फोरव्हर्ट्स’ या यिडिश दैनिकात बेपत्ता नवऱ्यांच्या चित्रदालनात फोटो छापला जाई. त्या दैनिकाचे वाचक देशभर होते, त्यामुळे शिकागो किंवा डेट्रॉइटमधल्या शेजाऱ्याने ओळखलं की काम झालं. नवरा सापडला की आधी बोलणी व्हायची, परत ये किंवा पोटगी पाठव. ऐकलं नाही तर खटला. न्यूयॉर्कमध्ये १९०५ पासून मुलांना निराधार सोडून जाणं हा गंभीर गुन्हा ठरला होता, त्यामुळे दुसऱ्या राज्यातून माणसाला परत आणणं शक्य झालं. खटला मात्र शेवटचं हत्यार, कारण तुरुंगातला नवरा पोटगी कुठून देणार?

प्रश्न : डेन्व्हरसारख्या एकाच शहरात क्षयरोग्यांसाठी दोन ज्यू रुग्णालयं का?

पहिलं, नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल, १८९९ मध्ये उघडलं. आधी स्थिरावलेल्या जर्मन ज्यूंचा त्यात पुढाकार होता. उपचार पूर्ण मोफत, पण प्रवेश बरं होण्याची आशा असलेल्यांनाच, आणि सुरुवातीला जेवण कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार केलेलं, नव्हतं. ज्याचा रोग बळावलेला आणि ज्याला ते अन्न चालत नाही, असा पूर्व युरोपातला शिंपी दाराबाहेरच राहिला. म्हणून १९०४ मध्ये ज्यूइश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी निघाली. तिथे रोगाच्या कुठल्याही टप्प्यावरचा रोगी घेत आणि स्वयंपाक कोशर असे. पैसा देशभरातून बारीकसारीक देणग्यांनी जमवलेला.

प्रश्न : एवढ्या संस्था होत्या, तर सगळ्यांवर एकच शिखर संस्था का झाली नाही?

प्रयत्न झाला. सप्टेंबर १९०८ मध्ये न्यूयॉर्कचे पोलिस आयुक्त थिओडोर बिंगहॅम यांनी एका मासिकात लिहिलं की शहरातले निम्मे गुन्हेगार ज्यू आहेत. गदारोळ झाला, त्यांना विधान मागे घ्यावं लागलं. पण ज्यूंच्या वतीने उत्तर द्यायचं कुणी, हा प्रश्न उरला. त्यातून १९०९ मध्ये ‘केहिला’ ही शहरातल्या ज्यूंची शिखर संस्था स्थापन झाली. अध्यक्ष रब्बाय (ज्यू धर्मगुरू) ज्यूडा मॅग्नेस, कार्यकारिणी २५ जणांची. सर्वांत भरीव काम शिक्षणाचं. १९१० मध्ये सॅमसन बेंडर्ली यांच्या हाताखाली शिक्षण विभाग सुरू झाला आणि हिब्रू शाळांचा अभ्यासक्रम, शिक्षकांचं प्रशिक्षण यांना शिस्त आली. १९१२ पासून गुन्हेगारीची माहिती गोळा करून अधिकाऱ्यांना पुरवणारा विभागही होता.

युरोपात केहिला म्हणजे कर बसवू शकणारी, मान्यताप्राप्त संस्था. अमेरिकेत तशी सक्ती शक्यच नव्हती. ज्याला पटेल तो येणार, नाही पटलं तर निघून जाणार. ही अडचण आधीही दिसली होती. १८८८ मध्ये विल्नाहून रब्बाय जेकब जोसेफ यांना मुख्य रब्बाय म्हणून आणलं, आणि त्यांच्या व्यवस्थेचा खर्च भागवायला कोशर कोंबडीच्या पायाला शिशाची खूण लावून प्रत्येकी एक सेंट घ्यायचं ठरलं. गिऱ्हाइकांना लगेच झारच्या राज्यातला मांसावरचा ‘कोरोबका’ कर आठवला. खाटीक बिथरले, योजना बारगळली. रक्कम एका सेंटची, पण दुखणं सक्तीचं होतं.

केहिलाचंही तेच झालं. कामगार संघटना बाहेर राहिल्या, सनातनी मंडळी साशंक होती, पैसा मोजक्या धनिकांकडून येत होता. पहिल्या महायुद्धात मॅग्नेस उघडपणे युद्धविरोधी झाले आणि ते धनिकही दुरावले. १९२२ पर्यंत संस्था संपली.

याउलट युद्धात होरपळलेल्या परदेशातल्या ज्यूंना मदत पाठवणारी १९१४ ची जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी टिकली. तिने कुणालाच एका छपराखाली ओढलं नाही. धनिकांची, सनातन्यांची आणि पुढच्या वर्षी आलेली कामगारांची समिती आपापल्या लोकांत पैसे जमवायची, वाटप तेवढं एकत्र. आमच्या मते केहिलाच्या अपयशावरचं नेमकं भाष्य हेच.

प्रश्न : एखाद्या मंडळाची मूळ कागदपत्रं कुठे शोधावीत?

आधी केहिलानेच १९१८ मध्ये छापलेली ज्यूइश कम्युनल रजिस्टर ही जाडजूड सूची पाहा. सुमारे १५ लाख ज्यूंच्या शहरातल्या साडेतीन हजारांहून अधिक संस्थांची नोंद तीत आहे. न्यूयॉर्कमधल्या यिवो या ज्यू संशोधन संस्थेकडे लांड्समानशाफ्टची इतिवृत्तं आहेत, तर अमेरिकन ज्यूइश हिस्टॉरिकल सोसायटीकडे नोंदणीची कागदपत्रं.

हमखास चूक होते ती गावाच्या नावात. यिडिशमधलं ब्रिस्क म्हणजे ब्रेस्त-लितोव्स्क. विल्ना, विल्नो आणि विल्नियस हे एकच शहर. सगळी रूपं शोधून पाहा. एकाच गावाची तीन-चार मंडळंही सापडतील, एक प्रार्थनागृहवाल्यांचं, एक तरुणांचं, एक बायकांचं, एखादी वर्कमेन्स सर्कल या समाजवादी कामगार-मंडळाची शाखा. वह्या हरवल्या असतील तर क्वीन्समधल्या माउंट झायन किंवा माउंट हेब्रन दफनभूमीत त्या मंडळाच्या जागेचं फाटक शोधा. फाटकाच्या खांबांवर पदाधिकाऱ्यांची नावं कोरलेली बरेचदा मिळतात.