लंडन प्रवासाच्या मधोमध ठेवू नका

तुमचा प्रश्न पासबद्दलचा आहे, पण तो वाचताना माझी नजर तुमच्या मार्गावरच अडकली. तुम्ही आणि तुमचे मित्र वीस दिवसांत रेल्वेने ॲम्स्टरडॅम, लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि शेवटी बुडापेस्ट असा प्रवास करणार आहात, त्यासाठी युरेल पास (एकाच पासावर युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेने फिरण्याची सोय) घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत असे विचारता आहात, आणि शेंगेन व्हिसाचा, म्हणजे आपापसांत सीमा-तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज पुढील आठवड्यात भरणार असल्याचे शेवटच्या ओळीत लिहिले आहे. माझ्या मते पासाचा विचार महिनाभर थांबला तरी चालेल, परंतु अर्ज भरण्याआधी लंडनची जागा बदला. अगदी याच क्रमामुळे माझ्या मैत्रिणीचा अर्ध्याहून अधिक प्रवास बुडाला आणि त्यात माझीही चूक होती.

विमा, बँकेचे कागद, हॉटेलांच्या नोंदी वगैरे गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच, त्यांवर मी लिहीत नाही. आम्ही दोघी २०२३ च्या जून महिन्यात अठरा दिवसांसाठी निघालो. मुंबईहून विमानाने पॅरिस, तिथून युरोस्टारने, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या वेगवान रेल्वेने, लंडन, पुन्हा पॅरिस, मग स्वित्झर्लंड, इटली आणि व्हिएन्नाहून परतीचे विमान असा बेत होता. ब्रिटनचा व्हिसा दोघींकडे होता. कार्यालयीन कामासाठी पूर्वी मिळालेला माझा शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा होता आणि त्याची मुदतही शिल्लक होती, त्यामुळे नवा अर्ज फक्त मैत्रिणीला करायचा होता. मी सोबत म्हणून गेले होते.

अर्जात किती प्रवेश हवेत असा प्रश्न असतो आणि एक, दोन किंवा अनेक यांपैकी एक पर्याय निवडायचा असतो. आम्ही दोन प्रवेश मागितले होते आणि लंडनच्या मुक्कामाचे कागद जोडले होते. व्हिसा अर्ज केंद्राच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने ते कागद बाजूला काढून आमच्या हातात परत दिले. लंडन शेंगेनमध्ये येत नाही, या कागदांमुळे उगाच गोंधळ होईल, असे त्याने सांगितले आणि आमच्यासमोरच 'एक प्रवेश' अशी दुरुस्ती करायला लावली. आम्ही ती केली. पासपोर्ट परत आला तेव्हा त्यातील व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या रकान्यात '०१' असे छापलेले होते. मैत्रिणीने त्याच खिडकीवर जाऊन विचारले असता, 'दिलेल्या तारखांच्या आत कितीही वेळा जाता-येता येते,' असे उत्तर मिळाले. ते उत्तर संपूर्णपणे चुकीचे होते. माझ्या स्वतःच्या व्हिसावर 'मल्ट' (म्हणजे अनेक प्रवेश) अशी अक्षरे असताना तिच्या व्हिसावर आकडा का आहे, एवढा साधा प्रश्न मला पडायला हवा होता, आणि तो पडला नाही याचे मला आजही वाईट वाटते.

पुढे काय घडले ते नीट लिहिते, कारण ही गोष्ट गाडीत बसेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही. पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकावर युरोस्टारच्या फलाटावर जाण्याआधी दोन तपासण्या होतात. पहिल्या खिडकीवर फ्रेंच पोलीस तुम्ही शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडल्याची नोंद करतात आणि काही पावलांवर, त्याच इमारतीत, ब्रिटिश अधिकारी ब्रिटनमध्ये प्रवेश देतात. मैत्रिणीचा एक प्रवेशाचा व्हिसा त्या पहिल्या खिडकीवरच, गाडी हलण्याआधी, संपला होता. कोणी काही बोलले नाही, कारण बाहेर जाणाऱ्याला अडवण्याचे त्यांना काही कारण नव्हते. तीन दिवसांनी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर हीच व्यवस्था उलट्या बाजूने होती. तिथे गाडीत बसण्याआधी फ्रेंच पोलीसच पासपोर्ट तपासतात. त्यांनी तिचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला, रकान्यातील आकड्यावर बोट ठेवले आणि सौजन्याने, पण ठामपणे, प्रवेश नाकारला. त्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही दूरध्वनी आणि ईमेल करण्यात घालवले. आपण राहतो त्या देशातूनच शेंगेनचा अर्ज करावा लागतो, त्यामुळे पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीचा अर्ज लंडनमध्ये घेता येणार नाही, असे सांगण्यात आले. भारतातील त्या अर्ज केंद्राला आम्ही चार ईमेल पाठवले आणि चारही वेळा, व्हिसाबाबतचा निर्णय वाणिज्य दूतावासाचा असतो, केंद्राचा त्याच्याशी संबंध नाही, असे एकच ठरावीक उत्तर आले. हे खरेच आहे, परंतु मग ज्या केंद्राचा निर्णयाशी संबंध नाही, त्याच्या कर्मचाऱ्याने आमचे कागद परत का दिले आणि व्हिसाचा अर्थ इतक्या खात्रीने का सांगितला, या प्रश्नाला आजवर उत्तर मिळालेले नाही. मैत्रिणीला थेट मुंबईला जाणाऱ्या विमानाचे ऐन वेळचे तिकीट ५८ हजार रुपयांना काढावे लागले. व्हिएन्नाहून परतीचे तिकीट वाया गेले आणि एकदा सुरू केलेला युरेल पास परत करता येत नसल्यामुळे त्यातील उरलेले दिवसही बुडाले.

पैशांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचे अधिक वाईट वाटते. ती कर्जतची आहे. बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिने जोडली जाताना पाहत ती लहानाची मोठी झाली. त्या घाटाचा चढ १:३७ आहे. स्वित्झर्लंडमधील १९१० साली पूर्ण झालेला बर्निना मार्ग दातेरी रुळाशिवाय ७ टक्के, म्हणजे साधारण १:१४, चढ चढतो आणि २,२५३ मीटरवरील खिंडीतून इटलीत तिरानोला उतरतो, हे तिने कधीतरी वाचले होते आणि हा सगळा प्रवास आम्ही मुळात त्या मार्गासाठी आखला होता. तिच्या आग्रहामुळे मी एकटी पुढे गेले आणि तो चढ मी एकटीने पाहिला.

म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की, तुमचे जाण्याचे विमान थेट लंडनला उतरणारे आणि परतीचे बुडापेस्टहून सुटणारे घ्या. लंडन आधी पाहून युरोस्टारने ॲम्स्टरडॅमला गेलात की शेंगेनमध्ये एकदाच प्रवेश होईल आणि शेवटी एकदाच बाहेर पडाल. अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळाला तरी मी हाच क्रम ठेवीन. तुमच्या सध्याच्या क्रमात ॲम्स्टरडॅमच्या स्थानकावरच तुम्ही शेंगेनबाहेर पडाल. पासपोर्टवर शिक्का बसला नाही तर बाहेर पडल्याचे कोणाला कळणार नाही, असे काही जण सुचवतील, त्यांचे ऐकू नका, कारण १२ ऑक्टोबर २०२५ पासून ये-जा संगणकावर नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे.

मार्ग बदलता येत नसेल, तर अर्जात दोन किंवा अनेक प्रवेश स्पष्टपणे मागा, सोबतच्या पत्रात त्याचे कारण लिहा, लंडनचे कागद जोडा आणि ते कोणी परत दिले तरी पुन्हा जोडण्याचा आग्रह धरा. शंका असेल तर दूतावासाला लेखी विचारा. सगळ्यांचे स्टिकर शेजारी ठेवून तारखा, राहण्याचे दिवस आणि प्रवेश हे तिन्ही रकाने ताडून पाहा. मित्रासोबत जाताना आपल्या व्हिसावर आहे तेच त्याच्याही व्हिसावर असेल, असे आपण नकळत गृहीत धरतो. राहण्याचे दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात.

बुडापेस्टहून बेलग्रेडला जाऊन परत येण्याचा मोह झाला, तर तिथेही हाच धोका आहे, कारण सर्बिया शेंगेनमध्ये नाही. क्रोएशिया मात्र २०२३ पासून आत आहे, आणि रुमानिया व बल्गेरिया यांच्या रेल्वे आणि रस्त्यांवरील सीमाही १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमध्ये धरल्या जातात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे, तेव्हा त्याची काळजी नको.

पासाबद्दल थोडक्यात सांगते. युरोस्टार, फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असला तरी आसनाचे आरक्षण वेगळे पैसे देऊन करावे लागते, आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी जागा मोजक्याच असतात. तुमच्या मार्गातील अशा गाड्यांचे शुल्क आधी मांडा, मग पास परवडतो की नाही ते कळेल. बर्निनासाठी महागड्या काचेच्या डब्यांची गरज नाही. त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही आणि पास चालतो.

मी एजंट किंवा कायद्याची जाणकार नाही. हे सर्व माझ्या अनुभवावरून लिहिले आहे आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर प्रत्येक गोष्ट पडताळून घ्या. व्हिसा हाती आला की प्रवेशांच्या रकान्यात काय छापले आहे ते इथे कळवा, त्यानंतर पासाचा हिशेब आपण मिळून करू.