आयर्लंडचा खेळ गेलिक फुटबॉल नव्याने बघताय?
स्वागत! आधी स्कोअर वाचायला शिका. 1-15 म्हणजे एक गोल, पंधरा पॉइंट; गोलचे तीन, म्हणून एकूण 18. बाकी नियम बघता बघता कळतील.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- खेळाडूंवर तोंडसुख घेणं. हे हौशी आहेत, पगार नाही. सोमवारी सगळे आपापल्या कामावर.
- उत्तर आयर्लंडच्या राजकारणावर लगेच मत देणं. टिरोन, डाउन या तिथल्या काउंटी (जिल्हे) ब्रिटिश हद्दीत, तरी याच ऑल-आयर्लंड स्पर्धेत खेळतात. 21 नोव्हेंबर 1920 ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ब्रिटिश दलांच्या गोळीबारात 14 जण गेले, त्यात टिपररी काउंटीचा खेळाडू मायकल होगन होता. एका स्टँडला त्याचंच नाव आहे. शेजारी बसलेल्या आजोबांना विचारा, ऐका, मग बोला.

पहिला सामना मात्र जवळच्या क्लबचाच बघा. अगदी कुंपणापाशी उभं राहून!