वाचकांचे प्रश्न : डॉली पार्टन, चौथ्या फ्रेटवरचा कॅपो आणि गाण्याची मालकी

गेल्या अंकातल्या डॉली पार्टन या अमेरिकन कंट्री (तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीच्या) गायिका-गीतकारावरच्या लेखानंतर पुण्यातल्या वाचकांनी बरंच काही विचारलं. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, स्वतः गाणी लिहून गिटारवर म्हणते. डॉली दहाव्या वर्षी रेडिओवर गायची असं वाचलं. घरात एवढी गरिबी असताना हे जमलं कसं?
– एक वाचक, कोथरूड

मामामुळे. डॉलीचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा, टेनेसी राज्यातल्या सेव्हिअर कौंटी (जिल्हा) या डोंगराळ भागातला. बारा भावंडांत ती चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांची फी वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं देऊन भागवली. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आई मात्र जुनी कथागीतं म्हणायची आणि आईचे वडील धर्मोपदेशक होते, त्यामुळे पैसा नसला तरी गाण्याला तोटा नव्हता. आईचा भाऊ बिल ओवेन्स गाणी लिहायचा. भाची आठ वर्षांची असताना त्याने तिला पहिली खरी गिटार दिली आणि पुढे नॉक्सव्हिलला कॅस वॉकर या किराणा दुकानदाराच्या कार्यक्रमात गायला नेलं. तेराव्या वर्षी, १९५९ मध्ये, तिची पहिली रेकॉर्ड निघाली आणि ती नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावरही गायली.

एवढं होऊनही मामा-भाचीला बराच काळ कोणी विचारलं नाही. १९६४ मध्ये शाळा संपली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने नॅशव्हिल गाठलं. 'मोन्युमेंट' या रेकॉर्ड कंपनीला वाटलं, एवढा उंच, कोवळा आवाज पॉपलाच शोभेल. तो प्रयोग फसला. कोंडी फुटली ती गाणं लिहिण्यातून. १९६६ मध्ये गायक बिल फिलिप्सने मामा-भाचीचं 'पुट इट ऑफ अंटिल टुमॉरो' गायलं आणि ते कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेलं. मागचा साथीचा आवाज डॉलीचाच होता, पण रेकॉर्डवर तिचं नाव नव्हतं. त्यानंतर कंपनीने तिला कंट्री गाऊ दिलं. १९६७ मध्ये कंट्री गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात ती आली, तेव्हा प्रेक्षक आधीच्या गायिकेच्या, नॉर्मा जीनच्या नावाने ओरडत. एकटीच्या नावावरचं पहिलं अव्वल गाणं, 'जोशुआ', १९७१ मध्ये आलं. पहिल्या रेकॉर्डपासून मोजली तर बारा वर्षं झाली.

म्हणून मुलीला स्पर्धांच्या मागे पळवू नका. दर आठवड्याला समोर बसून ऐकणारी वीस माणसं तिला मिळवून द्या, मग ती सोसायटीच्या गच्चीवरची का असेनात. शब्द कुठे ऐकू येत नाहीत, कुठे लोकांचं लक्ष उडतं, हे तिथेच कळतं.

गाण्याला विषय कुठून आणायचा? मी प्रेमावर लिहितो आणि सगळी गाणी सारखीच होतात.
– एक वाचक, सिंहगड रस्ता

डॉलीचं 'कोट ऑफ मेनी कलर्स' ऐका. आईने चिंध्या जोडून शिवलेला कोट घालून पोरगी मिरवत शाळेत जाते आणि मुलं हसतात, एवढीच गोष्ट. १९६९ मध्ये बसच्या प्रवासात हे सुचलं. हाताशी कागद नव्हता, म्हणून तिने ते पोर्टरच्या कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर लिहिलं. गाण्यात आधी चिंध्या येतात, मग आईचं शिवणं, शिवता शिवता तिने सांगितलेली बायबलमधल्या जोसेफची गोष्ट, आणि मग शाळा. दुःख झालं असं सांगत बसावं लागत नाही, कारण तोवर तो कोट आपल्या अंगावर आलेला असतो.

घरातली आजीची गोधडी घ्या. कुठला तुकडा कोणाच्या लुगड्याचा, टाके कुठे उसवलेत, कोणत्या कोपऱ्याला हळदीचा डाग आहे, अशा दहा ओळी लिहा. पहिल्या कडव्यात 'प्रेम', 'आठवण', 'मन' हे शब्द वापरायचे नाहीत. धृपद शेवटी लिहा.

डॉलीचं 'जोलीन' गिटारवर ए मायनरमध्ये वाजवते, पण रेकॉर्डशी सूर जुळत नाही. कॅपो (गिटारच्या दांडीवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर तारा बेसूर होतात.
– एक वाचक, सहकारनगर

मूळ रेकॉर्ड सी शार्प मायनरमध्ये आहे. कॅपो चौथ्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या चौथ्या घरात) लावून बोटांचे तेच ए मायनरचे आकार वाजवा. धृपदाला ए मायनर, सी, जी, ए मायनर. पुढच्या ओळीला जी, ई मायनर आणि परत ए मायनर. गाताना सूर उंच पडत असेल तर कॅपो दुसऱ्या फ्रेटवर घ्या, आकार बदलत नाहीत.

कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी खेटून मागे बसवा. दोन पट्ट्यांच्या मधोमध लावला तर तारा खाली जास्त दाबल्या जाऊन सूर चढतो; फार मागे राहिला तर तार झणझणते. लावल्यावर पुन्हा ट्यून करा, हे बहुतेक जण विसरतात.

एवढं करूनही सूर चढत असेल तर पावसाळ्याचा परिणाम पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड दमट होऊन फुगतं, ब्रिजजवळचा (तारा जिथे गिटारच्या अंगाला बांधलेल्या असतात तिथला) भाग वर येतो आणि तारा फ्रेटपासून उंच होतात. जितक्या उंच तितक्या दाबताना जास्त ताणल्या जातात. गिटार केसमध्ये ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. पण मार्च उजाडला की सिलिका आठवणीने बाहेर काढा. पुण्याचा उन्हाळा एवढा कोरडा असतो की आत सिलिका राहिलं तर वरची फळी तडकू शकते. तेव्हा उलट भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा. ट्रस रॉड (दांडीचा बाक ठरवणारी आतली धातूची सळई) स्वतः पिळू नका, कारागिराकडे न्या.

डॉलीच्या 'सेव्हिअर' कौंटीचा उच्चार काय?
– एक वाचक, औंध

तिथले लोक 'सव्हीर' म्हणतात, 'व्ही'वर जोर देऊन.

एक निर्माता माझं गाणं घ्यायला तयार आहे, पण 'सगळे हक्क आमचे' असं लिहून मागतो. देऊ का?
– एक वाचक, हडपसर

आहे तसं देऊ नका. १९७४ मध्ये डॉलीचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' अव्वल आल्यावर एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले. डॉलीने नकार दिला आणि तिला रडू आलं, कारण एल्व्हिसने ते गावं अशी तिची फार इच्छा होती. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं जगभर नेलं, तेव्हा हक्क डॉलीकडेच होते.

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांच्या बाजूने बराच भक्कम झाला आहे. रॉयल्टीतला तुमचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) देता येतो. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. निर्मात्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते तुमच्याकडे परत येतात. म्हणून मुदत, प्रदेश, मोबदला आणि कोणते हक्क, हे चारही करारात लिहून घ्या. चाल दुसऱ्याची असेल तर शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वाटा किती टक्के, हे एका कागदावर तारखेसह लिहून दोघांच्या सह्या घ्या, तेही रेकॉर्डिंगच्या आधी. मग आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी) सभासदत्व घेऊन गाणं तिथे नोंदवा. सही करण्याआधी करार एकदा वकिलाला दाखवा.