जुना स्क्वीझबॉक्स टच (लॉजिटेकचा, नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेअर) अजून चालतोय. चांगल्या आवाजासाठी नवा स्ट्रीमर, म्हणजे असाच नवा प्लेअर, घ्यावा का?

फक्त आवाजासाठी? मग नको. टच २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत वाजवतो आणि सीडीचा दर्जा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच असतो. नव्या खोक्याने कानाला फरक कळेल असं मला तरी वाटत नाही. पैसे खर्चायचेच असतील तर स्पीकरवर खर्चा, किंवा टचच्या ऑप्टिकल आउटला वेगळा डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) जोडून बघा.

लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स मालिका २०१२ मध्ये बंद केली, पण या प्लेअरना गाणी पुरवणाऱ्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असल्यामुळे हौशी मंडळींनी ते जिवंत ठेवलंय. आता त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही निवांत चालतं.

मध्येच गाणं तुटत असेल तर आधी अडॅप्टर बदलून पाहा. माझ्याकडचा एक जुना प्लेअर (वेगळ्या कंपनीचा) असाच गप्प व्हायचा. आठवडाभर वाय-फायला शिव्या घातल्या, राउटर चार ठिकाणी हलवला, आणि दोष निघाला अडॅप्टरच्या सैल पिनेत!

हां, तुम्ही रोज ऐकता ती सेवाच त्यावर चालेनाशी झाली किंवा फोनवरून थेट एअरप्ले (अॅपलची, आवाज बिनतारी पाठवायची सोय) हवं असेल, तर मात्र नवा घ्या. तरी जुना विकू नका, स्वयंपाकघरात लावा.