वाचकांचे प्रश्न : उसाच्या रानातला कर्ब मोजताना

प्रश्न : पर्यावरणशास्त्रातल्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी मी करवीर आणि शिरोळ तालुक्यांतल्या उसाच्या रानांची माती तपासतेय. काही रानांत पाचट ठेवलंय, काहींत जाळलंय. पाचटाच्या रानात सेंद्रिय कर्ब (कार्बन) जास्त येईल असं वाटलं होतं. पण एकाच रानाचे आकडे ०.६ ते १.१ टक्के असे हलतात. शिरोळच्या दोन रानांत तर जाळलेल्या रानाचाच आकडा वर आलाय. चूक कुठे? – विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आधी नमुन्याकडे बघा. प्रयोगशाळेतली चूक पुन्हा तपासून सापडते, रानातली सापडत नाही. खोडव्यात पाचट सरीत असतं आणि वरंब्यावर बुडखे. एक नमुना सरीतून आणि दुसरा बुडख्याजवळून आला, तर आकडे हलणारच. सरी आणि वरंब्याचे नमुने वेगळे ठेवा, शेवटी दोन्हींच्या रुंदीच्या प्रमाणात सरासरी काढा. प्रत्येकी ८-१० ठिकाणची माती घ्या, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर वेगवेगळी. पहारीने खत घातलेली भोकं, बांधाकडेची जागा आणि पाचटाचे ढीग जिथे जळाले ती जागा टाळा. ढिगाखालच्या कोळशाचा काही भाग डायक्रोमेटमध्ये, म्हणजे कर्ब जाळायच्या रसायनात, जळतो आणि कर्ब म्हणून मोजला जातो. जाळलेल्या रानाचा आकडा वर येण्याचं हे एक कारण असू शकतं.

दुसरं कारण क्षार. शिरोळकडच्या क्षारपड रानात क्लोराइड असेल, तर वॉकली-ब्लॅक पद्धतीत, म्हणजे कर्ब डायक्रोमेटने जाळून मोजायच्या पद्धतीत, तेही डायक्रोमेट खातं आणि कर्ब फुगलेला दिसतो. त्यामुळे मातीची विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, आधी मोजा. ती जास्त असेल तर सव्वा टक्का सिल्व्हर सल्फेट विरघळवलेलं सल्फ्युरिक आम्ल वापरा. क्लोराइड वेगळं मोजलं असेल तर त्याच्या टक्केवारीला १२ने भागून येणारा आकडा वजा करा. आपल्या काळ्या जमिनीतला चुनखडीचा कर्ब या पद्धतीत मोजला जात नाही, त्यामुळे ती काळजी नको. मात्र तोच नमुना भट्टीत जाळून मोजणाऱ्या यंत्रात घातलात, तर चुनखडी आधी आम्लाने घालवावी लागते.

आता प्रत्यक्ष कृती. माती सावलीत वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि पाचटाचे तुकडे व मुळ्या वेचून टाका. मग थोडी माती ०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून पूर्ण जाईपर्यंत वाटा. वर उरलेलं फेकू नका. १ ग्रॅम मातीला १० मिलिलिटर १ नॉर्मल डायक्रोमेट आणि २० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल घालून ३० मिनिटं ठेवा. मग २०० मिलिलिटर पाणी, १० मिलिलिटर फॉस्फोरिक आम्ल आणि डायफेनिलअमाइन घालून ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने हिरवा रंग येईपर्यंत अनुमापन करा, म्हणजे ते थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजा. हे द्रावण हवेने बिघडतं, त्यामुळे ब्लँक, म्हणजे मातीशिवायची चाचणी, रोज करा. ब्लँकला २० मिलिलिटर लागून नमुन्याला ४ मिलिलिटरपेक्षा कमी लागलं, तर माती कमी घेऊन पुन्हा करा. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यातलं क्रोमियम जादा फेरस घालून आणि चुन्याने तळाशी बसवून वेगळं साठवा. पर्यावरणाच्या प्रयोगशाळेला एवढं केलंच पाहिजे.

या पद्धतीत साधारण ७७ टक्केच कर्ब जळतो, म्हणून काही ठिकाणी उत्तर १.३ने गुणतात, काही ठिकाणी नाही. ०.६चे लगेच ०.७८ होतात! तुमचे सगळे आकडे एकाच प्रकारचे आहेत ना, हे पहिल्यांदा बघा.

आणि टक्क्यांवर थांबू नका. हेक्टरी टन म्हणजे टक्केवारी गुणिले स्थूल घनता (एक घन सेंटिमीटर मातीचं ग्रॅममधलं कोरडं वजन) गुणिले सेंटिमीटरमधली खोली. दोन्ही रानांत ०.८ टक्के कर्ब असून घनता १.२ आणि १.३५ असली, तर ३० सेंटिमीटरला २८.८ आणि ३२.४ टन येतात. तिथे कर्ब वाढलेला नसतो, ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली माती दबलेली असते. म्हणून समान खोलीपेक्षा समान वजनाच्या मातीची तुलना करा. काळी माती सुकली की आकसते, भेगा पडतात. घनतेसाठी दंडगोलातले नमुने वाफशावरच घ्या, १०५ अंशांवर वाळवून वजन करा. गगनबावड्याकडच्या जांभ्यात पुढे काम करणार असाल, तर २ मिलिमीटरवरचे खडे वेगळे मोजून वजा करावे लागतील.

प्रश्न : मुलगा बी.एस्सी. रसायनशास्त्र झालाय. मृदाशास्त्रात संशोधन करता येईल? – पालक, कागल

उत्तर : येईल. कृषी महाविद्यालयातल्या मृदाशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाला सहसा कृषी पदवी लागते. त्याने पर्यावरणशास्त्राची वाट धरावी. रसायनशास्त्राची सवय अनुमापनात उपयोगी पडेल. कमी पडेल ते रानातलं ज्ञान : दीड मीटरचा खड्डा खणून थर ओळखणं, मुन्सेल तक्त्याशी (रंगांच्या नमुन्यांशी) ताडून मातीचा रंग ठरवणं, बोटांवर पोत जोखणं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने चुनखडी बघणं. त्याबरोबर संख्याशास्त्र शिकावं. सुरुवात घरच्या शेतातल्या खड्ड्यापासून करायला हरकत नाही. फक्त संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रंग ठरवू नये, लालसर दिसतो.