‘लेकरू पूर्ण बरं झालं की कामाचं बघू’

पालकांच्या तोंडून हे वाक्य मी सतत ऐकते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या मानसिक आजाराचं निदान होऊन काही वर्षं झालेली असतात, गोळ्या लागू पडलेल्या असतात आणि मुलगा घरात बसून असतो. कामाला पाठवलं आणि आजारानं परत उचल खाल्ली तर काय करायचं, ही खरी भीती. ती खोटी नाही. पण ‘पूर्ण बरं’ हा टप्पा बऱ्याच जणांच्या आयुष्यात येतच नाही, आणि त्याची वाट बघता बघता पंचविशीतला मुलगा पस्तिशीला पोचतो.

संदीपचंच घ्या (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत). लातूरजवळच्या खेड्यातला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला इतरांना न येणारे आवाज ऐकू यायला लागले, कॉलेज सुटलं. आधी देवऋषी, मग सरकारी दवाखाना. माझ्याकडे आला तेव्हा आवाज थांबले नव्हते, मंदावले होते. ‘‘शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखं वाटतं,’’ असं तो म्हणाला.

चुलत्यानं त्याच्यासाठी वॉचमनचं काम बघून ठेवलं होतं. ‘‘नुसतं बसायचं, डोक्याला ताप नाही.’’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि मला तो धोक्याचा वाटतो. रात्रपाळीनं झोप मोडते, आणि झोप मोडणं हे आजार उलटण्याचं नेहमीचं कारण. वर अंधार, एकटेपण आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयानं बघण्याचीच ड्यूटी! संशयाचा आजार असलेल्याला यापेक्षा वाईट काम शोधून सापडणार नाही.

संदीपला काय हवंय, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर लगेच म्हणाला, ‘‘आडतीवर हिशोब लिहायला जमंल.’’ लहानपणापासून वडिलांबरोबर सोयाबीन घेऊन मार्केट यार्डात जायचा. काटा, कट्टे, पट्टी सगळं त्याला पाठ. आईला तिथल्या गोंगाटाची धास्ती होती. त्याचं म्हणणं उलटं होतं: गलक्यात डोक्यातले आवाज कमी जाणवतात. सगळ्यांचं असं नसतं, पण त्याचं होतं.

जुनी रीत अशी की आधी कार्यशाळेत पाकिटं, मेणबत्त्या करायला शिकवायचं आणि माणूस ‘तयार’ झाला की नोकरीचं बघायचं. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी हा क्रम उलटवला. ज्याला काम करायचंय त्याला त्याच्या पसंतीचं, खऱ्या पगाराचं काम लगेच शोधायला मदत करायची. शिकणं कामावरच. मदत करणारा माणूस नोकरी लागल्यावरही सोबत राहतो आणि उपचार करणाऱ्यांशी बोलत राहतो. याला इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट, थोडक्यात आयपीएस म्हणतात. अनेक देशांतल्या चाचण्यांत, जुन्या रीतीच्या तुलनेत या पद्धतीनं नोकरीला लागलेल्यांचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. संदीपसाठी तो सोबतीचा माणूस म्हणजे मी, त्याची आई आणि लातुरात राहणारा मामा, असे तिघं मिळून.

ओळखीच्या आडत्याकडे गेलो तेव्हा वडील हात जोडून म्हणाले, ‘‘शेठ, पगार देऊ नका, फक्त गुंतवून ठेवा.’’ मी तिथंच अडवलं. फुकट ठेवलेल्या माणसाला कुणी काम सांगत नाही, आणि दोन महिन्यांनी तो परत घरी असतो. पगार ठरला, कमी का होईना.

मालकाला आजाराचं सांगायचं का? हे संदीपनं ठरवायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार करणाऱ्यालाही ही माहिती गुप्त ठेवावी लागते. आम्ही आधी बसून वाक्यं ठरवली. रात्रीची गोळी असते, सकाळी दहाला येईल, महिन्यातून एकदा दवाखाना. आजाराचं नाव नाही. सकाळची गुंगी डॉक्टरांनी गोळीची वेळ अलीकडे घेतल्यावर बरीच उतरली. सुरुवात मुद्दाम उन्हाळ्यात, आवक कमी असताना, अर्ध्या दिवसानं केली.

उन्हाळ्यावरून आठवलं. लिथियम (बायपोलरवर देतात ते औषध) घेणाऱ्याला मे महिन्यात उन्हातलं काम लावत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त कापायला लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

खरी परीक्षा दिवाळीच्या सुमारास आली. सोयाबीनच्या हंगामात काम रात्री दहापर्यंत लांबायचं. संदीपची झोप तुटली, तो डबा एकटा खाऊ लागला, ‘‘हमाल माझ्याबद्दलच बोलतेत’’ म्हणू लागला. या खुणा आम्ही त्याच्याच तोंडून कामाच्या आधी लिहून घेतल्या होत्या, म्हणून मामाला त्या वेळेत दिसल्या. डॉक्टरांनी डोस बदलला, आठवडाभर सुट्टी घेतली. आई म्हणाली, ‘‘बघा, मी म्हणत नव्हते का? आता बंद.’’ मी तिला एवढंच विचारलं, की घरी बसलेला असताना त्रास वाढला नव्हता का? वाढला होता, दोनदा. एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आठ दिवसांनी तो अर्ध्या दिवसावर परत गेला.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं मात्र घरचे अजून टाळतात, ‘‘लग्न कसं जमणार’’ म्हणून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकरीत किमान ४ टक्के जागा आहेत. त्यातला १ टक्का मानसिक आजार, स्वमग्नता अशा काही गटांत मिळून. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणावरून काढताही येत नाही. निराधार योजनेचं अनुदान चालू असेल तर उत्पन्नाची मर्यादा तहसीलमध्ये आधीच विचारून घ्या, नाहीतर पहिल्या पगारालाच घरात भांडण. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

येत्या हंगामात संध्याकाळी सातनंतरच्या नोंदी मालकाचा पुतण्या करणार, असं ठरलंय. आवाज अधूनमधून येतातच. संदीपनं पगारवाढ मागितली आहे. शेठ म्हणाले, ‘‘आवक बघू, मग बोलू.’’